दोन बोटं वर

"करू दे तिला हौस. ब्रेकचा तो तुकडा काही या जन्मात मिळायचा नाही."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. सासूबाई स्वयंपाकघरात सासऱ्यांना सांगत होत्या आणि मी दाराबाहेर चहाचे रिकामे कप घेऊन उभी होते. नव्या सुनेला घरातली निम्मी माहिती अशीच मिळते, हातात कपबशा असताना.

वाक्याचा राग नाही आला. पण ते घशात अडकलेल्या काट्यासारखं रुतून बसलं. कारण ती सायकल मी पहिल्यांदा पाहिली त्याला जेमतेम तास झाला होता. मागच्या खोलीत छताच्या हुकाला टांगलेली, जुन्या चादरीत गुंडाळलेली. मी चादर सोडली, दांडीवरची धूळ बोटानं पुसली आणि "ही मी दुरुस्त करू का?" एवढंच विचारलं. सासरे "बघू" म्हणाले.

ब्रेककडे मी अजून पाहिलंसुद्धा नव्हतं.

या 'बघू'बद्दल आधी सांगायला हवं. आमच्या घरात कुणी कुणाला 'नाही' म्हणत नाही. ऐकायला किती छान वाटतं! लग्नाआधी मलाही वाटलं होतं. इथे 'बघू' म्हणतात आणि मग ऐन निघायच्या दिवशी काहीतरी सापडत नाही. माझ्या नवऱ्याला लहानपणी सहलीला पाठवायचं नव्हतं, तेव्हा त्याचा एक बूट. सासूबाईंना बहिणीकडे जायचं होतं, तेव्हा त्यांचा चष्मा. दुसऱ्या दिवशी वस्तू जागच्या जागी. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही.

नवरा हे हसत हसत सांगतो. "आमच्याकडे बाहेर पडताना आधी काय गायब आहे ते बघायचं. सगळं जागेवर असलं की समजायचं, परवानगी आहे."

मी हसले होते. मग मला खालच्या गावातल्या शाळेत नोकरी लागली, प्रयोगशाळा सहायक म्हणून. आमचं घर डोंगरावर, रस्ता संपतो तिथलं शेवटचं. खाली जायला दिवसाला एक बस, सकाळी आठ वाजून दहाची. रुजू व्हायच्या दिवशी माझी डावी चप्पल सापडली नाही. ती नंतर पाण्याच्या टाकीमागे निघाली. चपलेला पाय फुटले असणार. शाळेनं पुढची तारीख दिली, त्या दिवशी कागदपत्रांची फाइल गेली. आता शाळेनं शेवटचं सांगितलं होतं : पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी दहाला हजर व्हा, नाहीतर जागा दुसरीला देऊ.

हातात तीन आठवडे होते. बसच्या वेळेला बांधलेलं राहायचं नाही, एवढं मी ठरवलं. माझे वडील सायकल दुरुस्त करतात. मी चालायला शिकले ती पंक्चरच्या पाण्याची घमेली धरून. आणि हुकाला टांगलेली ती काही साधी सायकल नव्हती. जाड नक्षीच्या टायरची, डोंगर उतरायची जुनी सायकल. आता कुणी बनवत नाही अशी.

ती माझ्या मोठ्या नणंदेची होती. ताईंना मी पाहिलेलं नाही. अकरा वर्षांपूर्वी डोंगरावरच्या एका शर्यतीत नाव घालायला त्या सकाळी याच सायकलवरून खाली निघाल्या आणि चौथ्या वळणावर सरळ दरीत गेल्या.

"ब्रेक लागले नाहीत," नवरा म्हणाला आणि विषय बदलला. ताईंचा फोटो घरात आहे, पण कपाटाच्या आतल्या बाजूला.

मी खोलीत वर्तमानपत्र अंथरलं आणि सायकल खोलायला घेतली. चाकांतले छर्रे वाटीत रॉकेलमध्ये टाकले, पुढच्या चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला. एके ठिकाणी रिम चांगलीच दबलेली होती. तिथून हात फिरवताना दरवेळी नजर दुसरीकडे करावीशी वाटे. शेवटी ब्रेकशी आले. या ब्रेकची गंमत अशी, की हँडलच्या मुठीतून येणारी तार बोटाच्या पेराएवढ्या एका तीन टोकांच्या तुकड्याला धरते. तो तुकडा वर ओढला गेला की दोन्ही बाजूंची रबरं चाकाला चिकटतात. पुढच्या ब्रेकला तो तुकडा नव्हता. म्हणजे मूठ दाबा नाहीतर दाराची कडी वाजवा, परिणाम सारखाच. आणि असला उतार एकट्या मागच्या ब्रेकनं आवरत नाही.

पण तार तुटलेली नव्हती. ती वर घेऊन, नीट गुंडाळून, दिसणार नाही अशी खोचलेली होती. अपघातात तार तुटते. गुंडाळून खोचली जात नाही.

मी वडिलांना फोन केला. त्यांच्याकडे डबेच्या डबे आहेत. आईच्या मते ते मेल्यावर वर जाताना एक डबा घेऊन जातील. गिअरचा जुना खटका निघाला, सीटखालची विचित्र मापाची नळी निघाली, तपकिरी कडांचे टायरसुद्धा त्यांनी कुणाच्या तरी माळ्यावरून मिळवले. तुकडा नाही निघाला.

"त्या ब्रेकला त्याचाच लागतो गं पोरी. दुसरा घातलास तर पकड अर्धी."

"पत्र्याचा वाकवून करू?"

"अजिबात नाही. उतारावर पत्रा सरळ होतो."

माझ्या माहेरी 'नाही' असं मोठ्यानं म्हणतात. किती बरं वाटतं ऐकायला!

पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. सासू-सासरे पडले होते. नवरा कामावर. ऊन इतकं, की खिडकीचे गज पांढरे दिसत होते. मी स्वयंपाकघरात ओटा पुसत होते आणि मागच्या खोलीतून आवाज आला... टिक्, टिक्, टिक्, टिक्. पायडल न मारता सायकल नुसती उतारावर सोडली की मागचं चाक करतं तो. लहानपणापासून ऐकलेला, अगदी घरचा आवाज. म्हणून आधी भीती नाही वाटली. मग आठवलं, की मागचं चाक तर मी सकाळीच काढून भिंतीला टेकवून ठेवलंय.

मी दारात जाऊन उभी राहिले. आवाज थांबला. चाक भिंतीशी होतं, स्थिर. खोलीत ओल्या मातीचा वास भरला होता. पाऊस होऊन चार महिने झाले होते.

दुसऱ्या दिवशी सीट वर गेलेली होती. मी माझ्या उंचीला लावून, पान्यानं आवळून ठेवली होती. आता ती दोन बोटं वर. वाटलं, नवऱ्यानं हात लावला असेल. मी खाली घेतली. सकाळी पुन्हा दोन बोटं वर.

"ताई उंच होत्या का?" जेवताना मी सहज विचारलं.

सासूबाईंचा हात ताटातच थांबला. "माझ्यापेक्षा... चार बोटं."

मी सासूबाईंपेक्षा दोन बोटं उंच आहे.

दुसरी कुणी असती तर चादर गुंडाळून सायकल परत टांगली असती. पण चप्पल, फाइल आणि आता सीट! मला त्या घरात जिवंत माणसांनी जागेवर बसवायचा प्रयत्न चालवलाच होता. त्यात ही भर. रोज संध्याकाळी मी सीट खाली घ्यायची, रोज सकाळी ती वर. पाना मी सोडला नाही. आठव्या दिवशी मात्र खोलीचं दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "हे बघा ताई, तुमची सायकल आहे, कबूल. सीट राहू दे तुमच्या उंचीला. मी चवड्यांवर चालवीन. पण मला सोमवारी दहाला खाली पोचायचंय. तुकडा तेवढा मिळवून द्या..."

 नुसता मातीचा वास, आणि मानेवर कुणी श्वास सोडावा तसा गारवा.

दुसऱ्या दुपारी छर्रे पुसायला वाटीत बोटं घातली, तर तळाशी काहीतरी चपटं लागलं. तीन टोकांचं.

मी तो रॉकेलमधून वर काढला. त्याला मऊ पिवळ्या कापडाचे धागे चिकटले होते, चष्मा पुसायचं असतं तसल्या. बाकी लख्ख. दरीत पडलेला नव्हताच तो कधी. कुणीतरी अकरा वर्षं जपून ठेवला होता.

मी तो बसवला, तार ओढली, मूठ दाबली. चाक गपकन थांबलं. मागे वळले तर दारात सासरे.

त्यांची नजर ब्रेकवर होती. बराच वेळ. मग ते आपल्या खोलीत गेले. खण उघडल्याचा आवाज आला. मग चष्म्याचं घर उघडल्याचा. मग काहीच नाही. संध्याकाळी माझ्या जवळ येऊन कुजबुजत म्हणाले, "तो... कुठे मिळाला?"

"वाटीत," मी म्हणाले. खोटं काय बोलायचं?

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. सायकल तयार झाली. रविवारी संध्याकाळी दोन्ही ब्रेक मी दहादा दाबून पाहिले, सीट ताईंच्या उंचीला ठेवली आणि नवऱ्याला म्हणाले, "उद्या मी साडेसातला निघणार."

"बघू," तो म्हणाला आणि स्वतःच दचकला.

सोमवारी सकाळी धुकं होतं. मी जीव मुठीत धरून वस्तू शोधायला निघाले, आणि दाराशीच थबकले. माझे बूट उंबऱ्यात होते, बाहेर तोंड करून, नाड्या सैल केलेले. फाइल स्टुलावर. शेजारी पाण्याची भरलेली बाटली, डबा. सगळं जागेवर. म्हणजे परवानगी!  फाइल आणि डबा पाठीवरच्या पिशवीत टाकला, बूट घातले आणि अंगणात उभ्या केलेल्या सायकलचं हँडल धरलं.

सायकल हलेना.

मागचं चाक फिरत होतं. पुढचं जमिनीला खिळल्यासारखं. मी जोर लावला, हिसडा दिला. तोवर पायऱ्यांवर तिघंही येऊन उभे राहिले होते. मी वाकून पाहिलं.

ब्रेकची दोन्ही रबरं रिमला घट्ट चिकटली होती, सगळी ताकद लावून कुणी आवळून धरावीत तशी. आणि वर तुकडा नव्हता. तार गुंडाळून, दिसणार नाही अशी खोचलेली होती. ओढणारं काहीच नसलेला ब्रेक चाक धरून बसला होता. मी रबराला बोट लावलं. ते बर्फासारखं गार होतं आणि मला जाणवेल इतकं थरथरत होतं... दमलेल्या हातासारखं.

चाक मोकळं असतं तर मी ब्रेक पाहिला असता का? नसता पाहिला. सगळं जागेवर होतं ना.

सासूबाईंनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "बूट... मी ठेवले होते," त्या कशाबशा म्हणाल्या. "तेव्हाही मीच ठेवले होते. म्हटलं, जाऊ दे पोरीला. तिला वाटलं, सगळं जागेवर आहे. तिनं बाकी काही बघितलंच नाही..." मग त्या वळल्या. "अहो... तुम्ही परत?"

सासऱ्यांची उजवी मूठ मिटलेली होती. "मला वाटलं, ती बघेल," ते म्हणाले. "ती नेहमी बघायची. बघेल, शोधेल, चिडेल, आणि राहील घरी. एवढंच... एवढंच वाटलं होतं."

अकरा वर्षांत हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच बोललं गेलं असावं. नवरा एकदा आईकडे बघत होता, एकदा बापाकडे. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अगं, आजचा दिवस राहू दे. आपण नंतर..."

मी हात पुढे केला. सासऱ्यांनी मूठ उघडली. तुकडा त्यांच्या तळव्यावर होता आणि तळवा ओल्या लाल मातीनं माखलेला होता. त्यांनाही ते तेव्हाच दिसलं. ते हात झटकू लागले, माती निघेना.

मी तिथेच अंगणात बसले, पाना काढला, तुकडा बसवला.  शेवटचा नट आवळला आणि मूठ दाबायच्या आधीच दोन्ही रबरं एकदम सुटली. सुस्कारा सोडावा तशी.

उभी राहून सायकल कमरेला टेकवली आणि सवयीनं चवडे उंच केले. गरज नव्हती. सीट माझ्या उंचीला होती. दोन बोटं खाली. काल रात्री मी तशी ठेवली नव्हती.

मग मागच्या टायरकडे लक्ष गेलं. कॅरियर रिकामं होतं. मी अजून बसले नव्हते. पण मागचा टायर जमिनीशी दबला होता, माणूस बसल्यावर दबतो तेवढा.

नवऱ्यालाही ते दिसलं. सासूबाईंनी दोन्ही हात तोंडावर नेले. धुक्यात कुठेतरी, अगदी जवळ, टिक्... टिक्... सुरू झालं, आणि चाकं तर दोन्ही थांबलेली होती.

भीती मलाही वाटत होती. खोटं कशाला सांगू? पण त्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या तिघांकडे मी नीट पाहिलं, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा आवाज न दाबता बोलले.

"मी निघालेय. कुणाला नको असेल, तर त्यानं तोंडानं 'नको' म्हणावं. मोठ्यानं म्हणा. आम्ही दोघी ऐकतोय."