बत्तिसावा खून

आपला खून व्हावा असं एखाद्या मुलीला मनापासून वाटणं, हे काही शहाणपणाचं लक्षण नव्हे. पण टूवाला वाटत होतं. एक-दोन दिवस नाही, चांगली पाच वर्षं वाटत होतं. आणि ज्याने तो करायचा, तोच माणूस ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी सकाळी, भुरभुर पावसात, बोटीच्या धक्क्यावर तिच्यावर येऊन आदळला.

दोष खोक्याचा होता. नाकापर्यंत उंच खोकं घेऊन चालणाऱ्याला समोरची मुलगी दिसायची कशी? खोकं खाली पडलं. त्यातून एक कॉफीची किटली, एक दिवा आणि सात-आठ मोजे ओल्या फळ्यांवर पसरले.

"लागलं का हो तुम्हाला?" सिक्स्टेन घाबरून म्हणाला.

"मला नाही. किटलीला पोचा आलाय." टूवा वाकून मोजे गोळा करू लागली. "यातला एकही दुसऱ्याशी जुळत नाही... हे सगळं कुठे चाललंय?"

"गोथेनबर्गला, शहरात परत. म्हणजे — मीच चाललोय. चारच्या बोटीने." त्याने चष्मा काढून ओल्या स्वेटरला पुसला, त्यामुळे तो आणखीच धूसर झाला. "सहावं पुस्तक संपलं. आता इथे... काम असं काही उरलं नाही."

टूवाच्या हातात एक हिरवा मोजा होता. तो तिने उगाचच घडी घालून त्याच्या हातावर ठेवला.

"आजचा बांगडा न्यायचा राहिलाय तुमचा," ती म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

"हो... तो तर न्यायचाच आहे," तो म्हणाला, आणि रोजच्यासारखाच गरजेपेक्षा एक क्षण जास्त तिच्याकडे पाहत राहिला. मग खोकं उचलून चालता झाला. वाटेत खांबाला धडकला, ते वेगळं.

टोर्नॉ बेटावर हिवाळ्यात राहणारी माणसं बत्तीस. टूवाच्या आत्याच्या, गुनवोरच्या, धक्क्यावरच्या दुकानाबाहेर छपराखाली काळा फळा आहे, त्यावर खडूने हा आकडा लिहिलेला असतो. कोणी जन्मलं, कोणी गेलं की बदलायचा. त्या बत्तिसांपैकी एकतीस जणांना सिक्स्टेनने आपल्या रहस्यकथांच्या पाच पुस्तकांत यमसदनी धाडलं होतं. आणि बेटाला त्याचा काय तो अभिमान! बोटवाला बेर्टिल उन्हाळी पाहुण्यांना आपल्या खुनाच्या पानावर सही करून देत असे. गुनवोरआत्याला दुसऱ्या पुस्तकात हेरिंग माशाच्या लोणच्याच्या पिंपात बुडवून मारलं होतं. ते पान तिने चौकटीत घालून गल्ल्याच्या वर लावलं होतं. "किती छान मेले मी," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "खोकलासुद्धा माझाच घातलाय त्याने."

राहिली होती फक्त टूवा. मासे धुरी देऊन विकणारी, रोज त्याला एक बांगडा कागदात गुंडाळून देणारी.

"अगं, सरळ हिशोब आहे," त्या दिवशी आत्या दालचिनीचे पाव मांडता मांडता म्हणाली. "खुनी बेटावरचाच, असं त्याच्या दोघा डिटेक्टिव्हांनी पाचव्या पुस्तकात छातीठोक सांगितलंय. मेलेल्याला खून करता येत नाही. बत्तिसातून एकतीस गेले..."

"मला वजाबाकी येते, आत्या."

"मग झालं तर. खुनी तू. आणि मला पिंपात बुडवताना तुला काही म्हणजे काही वाटलं नाही."

टूवा हसली, पण तिला आतून रडू येत होतं. खुनी ठरायचं दुःख नव्हतं तिला. पण या माणसाने अख्ख्या बेटाला डोळ्यांत साठवलं होतं. आत्याचा खोकला, बेर्टिलचं बेसूर गुणगुणणं... ते दोघे डिटेक्टिव्हसुद्धा त्याने किती मायेने लिहिले होते. एक घटस्फोटित म्हातारा, दुसरी घटस्फोटाच्या वाटेवर; दोघेही सतत भिजलेले, हातात गार कॉफी. सगळ्यांसाठी त्याच्याकडे जागा होती. आणि जिच्याकडे तो रोज येतो, तिच्यावर दोन ओळी सुचू नयेत? टूवाचं त्याच्यावर प्रेम होतं, आणि आपण त्याच्या लेखी कोणीच नाही असं पाच पुस्तकं तिला सांगत होती. तो चारला जाणार. त्याआधी विचारलं नाही, तर जन्मभर मनात राहील.

दोन वाजता तिने बांगडा कागदात गुंडाळला आणि टेकडीवरच्या त्याच्या पिवळ्या घराकडे निघाली.

पायरीवर बेर्टिलचा बोका बसला होता. घरी अन्नाला तोंड लावत नाही म्हणून बेर्टिल वर्षानुवर्षं ज्याची काळजी करत होता, तोच. उशीएवढा फुगला होता. टूवाच्या हातातली पुडी बघून तो जागचा उठला, आणि तेवढ्यात दार उघडून सिक्स्टेन म्हणाला, "थांब रे, आज जरा उशीर —"

मग त्याला टूवा दिसली.

टूवाने बोक्याकडे पाहिलं. मग स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. टेबलावर उकडलेले बटाटे, अंडी, बडीशेपेची पानं. मग तिने पुडी त्याच्या नाकापुढे धरली. सिक्स्टेन पांढराफटक पडला.

"तुम्ही मासे खात नाही," ती सावकाश म्हणाली.

"लहानपणापासून. वाससुद्धा..."

"आणि पाच वर्षं रोज एक बांगडा?"

"रोज नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "रविवारी तुमचं दुकान बंद असतं."

टूवा मटकन पायरीवर बसली. पुडी बोक्याने ताब्यात घेतली.

"मग माझा खून का नाही केलात?"

"केला ना... म्हणजे, तीनदा करून पाहिला." तोही शेजारी बसला. दोघांमध्ये बोका. "पहिल्यांदा तुम्हाला धुराच्या खोलीत कोंडलं. तुम्ही आतून गाणं म्हणायला लागलात. मलाच दार उघडावं लागलं. दुसऱ्यांदा विष घातलं. तुम्ही कप तसाच ठेवलात आणि त्या भिजलेल्या डिटेक्टिव्हांना गरम कॉफी द्यायला गेलात. पाच पुस्तकांत पहिल्यांदा बिचाऱ्यांना गरम कॉफी मिळाली. मग ते हलेनातच, प्रकरण वाया गेलं."

"आणि तिसऱ्यांदा?"

"कड्यावरून ढकलायचं होतं. पण वारा होता, आणि तुमचे केस... चार पानं केसांवरच गेली. संपादकबाईंनी विचारलं, इथे खून आहे की लग्न?"

टूवाला हसू आवरेना, पण ती नेटाने म्हणाली, "म्हणून मला खुनी करून टाकलंत."

"तुम्हाला?" तो उठून आत गेला आणि बॅगेतून शेवटचं प्रकरण घेऊन आला.

टूवा वाचू लागली. पावसात ते दोघे डिटेक्टिव्ह तिच्या दुकानात येतात. म्हातारा विचारतो, 'रोज बांगडा नेतो, पण मासे खात नाही, असा कोण आहे बेटावर?' आणि मागे रांगेत उभा असलेला माणूस हात वर करतो. गोथेनबर्गहून आलेला, चष्मेवाला.

"पण बेटावर तर बत्तीसच..."

"फळ्यावर," सिक्स्टेन म्हणाला. "मी त्यात नाही. पाच वर्षांत मला कोणी मोजलंच नाही. खुनी लपवायला याहून चांगली जागा कुठली?" तो हसला, पण ते हसू काही जमलं नाही. "बरंय तसं. न मोजलेला माणूस गेला, तरी आकडा बदलावा लागत नाही."

टूवाला एकदम लाज वाटली. फळा तिच्याच आत्याचा, आणि खडू कितीदा तिच्याच हातात असायचा. तीही बत्तीसच लिहीत आली होती.

"यात तो पळून का जात नाही?" तिने विचारलं. "चारची बोट असते ना?"

"असते. पण त्याचा बांगडा घ्यायचा राहिलेला असतो."

"मग?"

"मग पुस्तक संपतं. पुढचं... मला माहीत नव्हतं."

पाऊस छपरावर टपटपत होता. टूवाने त्याचा चष्मा काढला, आपल्या कोरड्या रुमालाने नीट पुसला आणि परत त्याच्या नाकावर ठेवला.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. "बघ, एका वाक्यात झालं. तुला त्यासाठी सहा पुस्तकं लागली."

"आणि पंधराशे बांगडे," तो पुटपुटला. मग तिचा हात हातात घेऊन, अगदी स्पष्ट म्हणाला, "मला जायचं नाहीये, टूवा."

चार वाजता धक्क्यावर बेर्टिल भोंगा वाजवत होता आणि गुनवोरआत्या छत्री घेऊन निरोपाला उभी होती. टूवा आली ती थेट फळ्याकडे गेली. ओल्या बाहीने तिने आकडा पुसला, आणि खडूने मोठ्ठं लिहिलं — ३३.

"कोण बाळंत झालं?" आत्या म्हणाली.

टूवाने मागे बोट दाखवलं. सिक्स्टेन खोकं घेऊन उभा होता, आणि आज त्याने ते कमरेपाशी धरलं होतं, म्हणजे समोरचं दिसत होतं.

आत्याने फळ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. बोटांवर काहीतरी मोजलं.

"अगंबाई," ती म्हणाली. "म्हणजे खुनी हा? काखेत कळसा अन् गावाला वळसा. पिंपात मला यानेच बुडवलं तर."

"यानेच."

आत्याने छत्री दुसऱ्या हातात घेतली. बेर्टिलला हात करून बोट सोडायला सांगितलं. मग ती म्हणाली, "बरं. आता मोजलाच आहे, तर संध्याकाळी जेवायला घेऊन ये त्याला. पिंपातलं हेरिंग काढते."

सिक्स्टेनचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने टूवाकडे पाहिलं आणि म्हणाला, "येतो, आत्या."