कपारीतलं कंदीलपुष्प

पेठच्या डोंगरातल्या एका कड्यावर कंदीलपुष्पाची दुर्मिळ वेल अजून तग धरून आहे, हे सिद्ध करायला आम्ही तिघं निघालो होतो. त्याच कड्यावरून पर्यटकांसाठी वाट फोडली जाणार होती. वेलीवर उमललेल्या फुलाचा फोटो मिळाला, तरच ते काम थांबणार होतं. नुसती पानं चालणार नव्हती. एका वंशातल्या कितीतरी वेलींची पानं सारखी दिसतात, जात ठरते ती फुलावरून. नाशिकच्या शाळेत हे मी दरवर्षी शिकवते.

सोबत माझी विद्यार्थिनी तृप्ती, आता वनस्पतींची अभ्यासक, आणि वाट दाखवायला निवृत्तीमामा. मुक्काम कड्याखालच्या कपारीत पडला.

श्रावणातलं माझं व्रत असं: सकाळी डोळे मिटून, नाम घेत, हाताला लागेल ते पहिलं फूल खुडायचं. निवड नको, मोह नको. न बघताच ते ओल्या फडक्यात गुंडाळायचं आणि महादेवाला वाहिल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही. त्या सकाळीही कपारीच्या तोंडाशी मी तेच केलं. पूजा परत आल्यावर करू म्हटलं.

धुक्यात पुढचा माणूस दिसेना. निवृत्तीमामा म्हणाले, “बाई, लय निसरडं हाय. उपाशी पोटी नका येऊ वर.” मी दोर कमरेला बांधला.

दगड सुटला! तृप्ती घसरली. दोर ताणला. माझे तळवे सोलून निघाले. मामांनी एका हाताने झुडूप धरून दुसऱ्याने आम्हाला वर खेचलं. तृप्तीचं उजवं मनगट टम्म सुजलं, तरी दुपारपर्यंत ती त्याच हाताने गवत चाळत राहिली. वेल नाही! आम्ही रिकाम्या हातांनी उतरलो.

कपारीत मी फडकं उलगडलं. आत इवलासा पिवळसर कंदील होता.

क्षणभर वाटलं, पटकन वाहून टाकावं. देवापुढचं फूल कोण उचलून बघणार? त्या विचाराचीच मला किळस आली. मी ते तृप्तीसमोर ठेवलं.

“हे मी तोडलं. सकाळी, इथेच.”

ती फुलावर वाकली. “मॅडम, आत चिलट अडकलंय.”

हे फूल चिलटाला नळीतल्या केसांमागे कोंडतं, केस सुकले की परागांसकट सोडून देतं. हेही मी शिकवते. तृप्तीने नखाने नळी चिरली. चिलट उडून गेलं.

मामांनी कपारीच्या तोंडाशी वेल शोधून काढली. एक तुटका देठ, शेजारी एकच कळी. सकाळी मी डोळे उघडे ठेवले असते, तर कड्यावर जायचं कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कळी उमलली! तृप्तीने डाव्या हाताने फोटो घेतले. मी महादेवाला नुसतं पाणी वाहिलं.

वाट आता दुसरीकडून जाणार होती. नोंदीत शोधणाऱ्याच्या जागी तृप्ती माझं नाव घालू लागली. मामाही म्हणाले, सापडलं ते बाईंनाच. मला मान वर करवेना.

“घालायचंच असेल तर नावापुढे लिही,” मी म्हणाले, “वेलीला फुलं दोन होती. एक हिने तोडलं.”

तृप्तीने तसंच लिहिलं. एक शब्दही सौम्य केला नाही.