दर पाच मिनिटांनी

खोटं वाटलं तर वाटू दे. मी कुणाला पटवायला बसलेलो नाही. घडलं ते भरदुपारी, दिव्यांच्या लख्ख उजेडात, आमच्या ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर.

आमच्या वेबसाइटवरून लोक अ‍ॅम्ब्युलन्स बोलावतात. साइट चालू आहे ना, हे बघायचं काम माझ्या भाऊजींचं. ताईचा नवरा. त्यांचा प्रोग्राम दर पाच मिनिटांनी सर्व्हरला विचारायचा, "आहेस ना?" उत्तर आलं की भाऊजी पेन्सिलीने टेबलावर वाजवायचे.

टक टक.

साहेबांना ते पुरेना. पाहुण्यांना मोठ्या स्क्रीनवर झकास आलेख दाखवायचा होता. "तीस ठिकाणांहून, दर सेकंदाला विचारा!"

भाऊजी भडकले. "आजारी माणसाला सारखं हलवून 'बरा आहेस ना' विचारलं, तर तो बरा होईल की मरेल?"

ते रजेवर गेले आणि साहेबांनी मला सांगितलं. मी शेपूट हलवत पाच मिनिटांचा आकडा बदलून एक सेकंद केला.

तिसऱ्या दिवशी घरी भाऊजींच्या छातीत कळ आली. ताईने आमच्याच साइटवर अ‍ॅम्ब्युलन्स मागितली. फोनवरून बोलावायची सोय बंद केलेली, तेही साहेबांचंच डोकं! स्क्रीनवर नुसतं चाक फिरत राहिलं... अकरा मिनिटं.

ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर मात्र सगळं हिरवंगार. आमच्या फालतू चौकश्यांना उत्तरं मिळत होती आणि खरी माणसं रांगेत तडफडत होती.

भाऊजी गेले.

साहेब म्हणाले, "नशीब एकेकाचं." अशी कानफटात द्यावीशी वाटली! दिली नाही. नोकरी प्यारी ना.

पुढच्या सोमवारी, दुपारी तीनला... भाऊजींच्या रिकाम्या टेबलावर आवाज झाला.

टक टक.

बघतो तर आकडा पुन्हा पाच मिनिटांवर. साहेबांनी चिडून एक सेकंद केला. परत पाच मिनिटं. बदल कुठून झाला, ती नोंद उघडली...

भाऊजींचा कॉम्प्युटर.

तो तर ते गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी उचलून नेला होता. टेबलावर धुळीतला चौकोन तेवढा उरलेला.

साहेबांनी पुन्हा त्या आकड्याला हात लावला नाही.

परवा ताईकडे गेलो. आकडा मी बदलला होता, हे तिला अजून सांगितलेलं नाही. जीभच रेटत नाही. चहा घेत होतो. आतल्या खोलीतून...

टक टक टक टक टक टक...

थांबेचना.

ताई शांतपणे म्हणाली, "रोजचंच आहे. एरवी पाच-पाच मिनिटांनी येतो आवाज. आज तू आलास, तर दमच खाईना."

मग माझ्याकडे बघत राहिली.

"का रे?"

मी कप तसाच ठेवून निघालो. तेव्हापासून ताईचे सात फोन येऊन गेलेत. एकही उचललेला नाही.