पासंग

वजनमापं तपासणारी बाई शिडाच्या बोटीतून एकटीने समुद्र ओलांडायला निघाली, तेव्हा तिच्या ऑफिसात सगळ्यांनी मिळून एकच विनोद केला: आता लाटांनासुद्धा शिक्का मारून घ्यावा लागणार! तीही हसली. उभी हयात दुकानांतले तराजू तपासण्यात गेल्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की तिला आधी तिचं वजन जाणवायचं. बोटीत भरायचं सामान तिने तसंच जोखून भरलं. डब्यांवरची कागदी लेबलं दमट हवेत सुटून येतात, म्हणून ती सोलून काढली आणि पत्र्यावर शाईने नावं लिहिली. पाण्याचे कॅन, सुटे दोर, जादा शीड, औषधांची पेटी. जेवढं डावीकडे, तेवढंच उजवीकडे.

तरीही बोट उजवीकडे कलली होती. फार नाही, पण मागच्या बाजूने उजवीकडे, स्पष्ट दिसेल इतपत.

"मॅडम, तुमचा काटा चुकला," बोटीची डागडुजी करणारा मिस्त्री धक्क्यावरून म्हणाला.

"माझा काटा चुकत नाही."

"मग बोट चुकली म्हणायची!"

तो हसत हसत खाली उतरला आणि तळाच्या फळ्या उचकटून बघून वर आला. आत चमचाभरही पाणी नव्हतं.

घरी तिचं नाव पासंग. तराजूची पारडी सारखी नसली की हलक्या बाजूला जो बारकासा तुकडा अडकवतात, तो पासंग. बोट बाबांची. ते सुकाणूपाशी उजव्या अंगाला बसायचे. देह भरभक्कम, त्यात डावा गुडघा अधू, म्हणून पाय लांब पसरून. बोट त्यांच्याकडे कलायची आणि ते म्हणायचे, "पासंग, सरक डावीकडे." ती चिमुरडी सरकायची. बोट तिळभरही हलत नसे, पण बाबा मान डोलवून म्हणायचे, "वा! झाली सरळ."

एकटं निघून पार पलीकडच्या किनाऱ्याला लागायचं, हे खूळ मुळात बाबांचं. एका सकाळी ते नवीन शीड जरा पारखून येतो म्हणून गेले. बोट सापडली. शीड नीट गुंडाळलेलं, दोर वेटोळे करून ठेवलेले, चष्मा खोबणीत. बाबा तेवढे नव्हते. बरीच वर्षं ताडपत्रीखाली पडलेली ती बोट लेकीने उघडली, सुट्टीच्या दिवसांत खरवडून, रंगवून उभी केली. त्यांचं राहिलेलं आपण पुरं करावं, एवढंच तिच्या मनात होतं.

तिने सगळं सामान पुन्हा धक्क्यावर काढलं. रिकामी बोटही कललेलीच. शेवटी मिस्त्रीने क्रेन बोलावली. पट्ट्यांमध्ये बोट हवेत सरळ लटकली आणि क्रेनच्या काट्यावर तिचं वजन भरायला हवं तेवढंच भरलं. पाण्यात सोडली तेव्हाही ती सरळ होती. दोघांनी हुश्श केलं. मिस्त्री चहा सांगायला किनाऱ्याकडे निघाला.

तो धक्का म्हणजे एकमेकांना जोडलेले लाकडी तराफे. माणूस चालला की पायाखालचा तराफा दबतो आणि तो पुढे गेला की वर येतो. मिस्त्री किनाऱ्याच्या कठड्याशी पोचला होता. पण मधला तराफा दबला. मग त्याच्या अलीकडचा. मग तिच्या पायांखालचा. तिला तोल सावरावा लागला. जरा वेळ काही झालं नाही. नंतर बोट हळूहळू उजवीकडे झुकली, एखाद्या जड माणसाने कठड्याला धरून, गुडघा सांभाळत आत उतरावं तशी.

मिस्त्री वळून बघत होता. चहाचं त्याने पुन्हा नाव काढलं नाही. तिथूनच म्हणाला, "डावीकडे वाळूची पोती टाकू का?"

"नको," ती म्हणाली, जरा जास्तच घाईने.

तो गेल्यावर ती बोटीत उतरली आणि सुकाणूपाशी डाव्या बाजूला बसली. बोट सावकाश सरळ झाली. लहानपणी एकदाही झाली नव्हती, ती आता खरोखरच झाली. भीती वाटायला हवी होती. तिला मात्र रडू फुटलं, आणि त्या रडण्यात सुख होतं.

पण हिशोबी डोकं गप्प बसेना. एका अंगाला झुकलेली बोट भर समुद्रात मोठ्या लाटेने उलटते. झोपायला, शीड ओढायला तिला जागचं उठावं लागणारच होतं. 'बाबा, तुम्ही उतरा', एवढंच म्हणायला हवं होतं. जीभ रेटेना.

आईला तिने यातलं काही सांगितलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात फक्त विचारलं, "उद्या धक्क्यावर येशील ना?"

"नाही." आई ओटा पुसत होती. पुसलेलाच भाग पुन्हा पुसत होती.

"मी 'येते' म्हटल्यावर 'ये' म्हणायला कुणीतरी हवं की नको?"

आईचा हात थांबला. "त्या दिवशी तुझे बाबा इथं दारात उभे होते. मला त्यांचं ते जाणंच पसंत नव्हतं. 'येतो गं' म्हणाले. मी मिक्सर चालू केला."

"ऐकू गेलं नसेल तुला."

"चांगलं ऐकू आलं. ते थांबलेसुद्धा. पुन्हा म्हणाले, 'येतो हं.' मी मागे वळून पाहिलं नाही." तिने फडकं पिळलं. "एक शब्द. मी 'या' म्हणाले असते तर माझं काय झिजलं असतं? तेव्हापासून दारातून कुणी निघालं की माझी दातखीळ बसते."

लेकीने तिला मागून मिठी मारली. आईने तिचा हात घट्ट धरून ठेवला, पण धक्क्यावर येते म्हणाली नाही.

सकाळी समुद्र शांत होता आणि वारा जमिनीकडून येत होता, निघायला अगदी हवा तसा. मिस्त्री किनाऱ्यावरच थांबला होता. ती शेवटची गाठ तपासत होती, तेवढ्यात तराफा दबला. तिने दचकून वर पाहिलं. आई होती, घरातल्याच चपला घालून आलेली.

आई बोटीकडे बघत राहिली. "त्या बाजूला काय ठेवलंयस?"

"काही नाही, आई."

आईने सुकाणूजवळच्या रिकाम्या उजव्या बाकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आई, येते."

आईचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. तिने पदर मुठीत आवळला.

"ये," ती म्हणाली. "नीट ये गं."

लेकीचे डोळे भरून आले. ती दोर सोडायला बोटीच्या मध्यावर वाकली. तेवढ्यात आईचा आवाज पुन्हा आला. हळू, थोडा रागावलेला, घरातल्या जुन्या दिवसांसारखा.

"या."

आईने लेकीला जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

बोट उजवीकडे खोल वाकली.

मग एकदम सुटली, डावीकडे झुलली आणि सरळ उभी राहिली.

दोर लेकीच्या हातात होता. बोट आणि धक्का यांमधलं पाणी रुंदावत गेलं. ती सुकाणूपाशी आली, सवयीने डावीकडे बसली, आणि बोट तिच्या बाजूला कलली. आता ती एकटी होती. तिला मधोमध सरकावं लागलं.

तिने मागे वळून पाहिलं. आई परत निघाली होती. तिच्या पावलांखाली एकेक तराफा जरासा दबत होता आणि वर येत होता. अर्ध्या वाटेत ती थांबली, मागे न बघता, पूर्वी बाबांच्या गुडघ्यासाठी थांबायची तशी.

तिच्या मागचा तराफा सावकाश दबला, पार पाण्याला टेकेपर्यंत.