नमुन्याची उजवी बाजू

कारखान्यात दुपारी एकला घंटा होई आणि दीडपर्यंत तिथे चिटपाखरूही नसे. मोठ्या बाईंना ही वेळ चांगली ठाऊक होती. त्यांचे यजमान, ज्यांना सारे मोठे मिस्त्री म्हणत, नेमके याच अर्ध्या तासात आपले खरे काम करायचे. पस्तीस वर्षे पत्रा ठोकून त्यांचे कान अधू झाले होते. ते मोठ्याने बोलत, मान तिरकी करून ऐकत, आणि गाडीच्या अंगावरचा चढउतार डोळे मिटून तळव्याने पारखत.

ते गेल्याला एकतीस वर्षे झाली. ज्या आठवड्यात ते गेले, त्याच आठवड्यात त्यांची गाड्यांच्या चित्रांची वहीही घरातून गेली. वर्षाच्या आत धाकट्या दिराच्या नावाने पहिली गाडी रस्त्यावर आली. नऊ वर्षांचा असल्यापासून या धाकट्याला मोठ्या बाईंनी वाढवले होते, त्याला ‘अरे’ म्हटले होते, दोन चापट्याही दिल्या होत्या. त्या दिवसापासून मात्र त्या त्याला ‘भाऊजी’ आणि ‘तुम्ही’ म्हणू लागल्या. त्या ‘तुम्ही’चा अर्थ घरात कुणाला विचारावा लागला नाही.

एका गिऱ्हाइकाला एकच गाडी, तशी दुसरी जगात नाही, ही धाकट्याची ख्याती. वहीतले एकेक पान त्याने पुरवून पुरवून वापरले. आता शेवटचे उरले होते.

सोमवारी त्याने स्वतः फोन केला. “वहिनी, जरा येऊन जा. गाडी पाठवतो.”

“तुमच्या गाडीत मी बसत नाही, भाऊजी. रिक्षाने येईन.”

कारखान्यातले दालन लांबरुंद आणि थंड होते. मधोमध गाडीचा पूर्ण आकाराचा नमुना उभा होता: आत लाकडाचा सांगाडा, त्यावर फोम, त्यावर तपकिरी माती. ही माती भट्टीत ऊन करून थापायची; गार झाली की ती साबणासारखी कडक होते आणि मग पोलादी पट्टीने तासायची. आत पोकळी अशी नव्हतीच. दारे, काचा, सारे वरवर कोरलेले.

“गेला आठवडाभर कुणीतरी याला हात लावतंय,” धाकटा म्हणाला. “एक ते दीडमध्ये. कुलूप असतं. कॅमेऱ्यात कुणी दिसत नाही. परत येऊन बघावं तर उजवी बाजू बदललेली. मोजून घेतलंय मी. पहिल्या दिवशी दोन मिलिमीटर, शनिवारी अकरा.”

“आणि डावी?”

“डाव्या बाजूला काही नाही.”

या धंद्यात गाडीची एकच बाजू काढतात आणि दुसरी आरशासारखी उलटून घेतात. मिस्त्रींनीही वहीत डावी बाजूच काढली होती, म्हणून धाकट्याने रीतीप्रमाणे ती उलटून उजवी केली होती. परंतु ही एक गाडी मिस्त्रींना दोन्ही अंगांनी सारखी नको होती. उजवी बाजू त्यांनी कागदावर काढलीच नाही. एकदा स्वयंपाकघरात, बाईंच्या परातीतला कणकेचा गोळा घेऊन, दारामागची खोलगट वळणे त्यांनी त्यात उमटवून दाखवली होती. मग बाईंनी ती कणीक पुन्हा मळली, आणि दोघांनी ती जेवणात संपवली.

बाई नमुन्याच्या उजवीकडे गेल्या. दारामागे ती खोलगट वळणे होती. त्यांनी हात ठेवला. एवढ्या थंड दालनात तेवढीच माती ऊन होती.

“तुमचा कुणी माणूस आहे का यात?” धाकट्याने विचारले. “खरं सांगा. इतक्या वर्षांचा राग आहे तुमचा, मला काय कळत नाही?”

“माझा माणूस होता. तुम्हीही ओळखायचात त्याला.”

तो हसला, पण त्या हसण्यात जीव नव्हता. “दादाकडून प्रेरणा घेतली, हे मी कधी नाकारलंय? सगळेच कुणाकडून तरी घेतात.”

“प्रेरणा घेतली की वही जागेवर राहते, भाऊजी.”

तो खालच्या आवाजात म्हणाला, “ती वळणं पुढे कशी जायची, तेवढं सांगा. शुक्रवारी गिऱ्हाईक येतंय.”

“सांगते. शुक्रवारी सगळ्यांसमोर म्हणायचं, ही गाडी माझ्या भावाने केली. एवढं एकच वाक्य. तुमचा बंगला नको, पैसा नको.”

“ते नाही जमायचं, वहिनी. एका डोक्यातून निघालेली वस्तू म्हणून त्याने ती घेतलीय. आता दुसरं नाव काढलं तर माझं काय उरतं?”

“तेच बघायचंय मला,” मोठ्या बाई म्हणाल्या.

त्याने कारागिरांना बोलावून उजवी बाजू तासून टाकायला सांगितली. पट्ट्या चालू लागल्या, मातीच्या ढलप्या जमिनीवर पडू लागल्या. बाई स्टुलावर बसून शेवटपर्यंत पाहत राहिल्या. एकची घंटा झाली, माणसे जेवायला गेली. निघताना त्या रिकाम्या दालनाकडे वळून त्या, यजमानांशी बोलत तशाच, जरा मोठ्याने म्हणाल्या, “ऐकलंत ना? मग अर्धंच कशाला घेताय? आपलं आहे ते सगळं परत घ्या.”

मंगळवारी एक ते दीडमध्ये, कुणाचा हात न लागता, उजवी बाजू पुरी झाली. बुधवारी धाकट्याच्या बायकोचा फोन आला.

“जाऊबाई, यांना बरं नाही हो. मी हळू बोलले की ‘काय? काय?’ करतात. टीव्हीचा आवाज घर दणाणेल इतका. डॉक्टर म्हणतात कान ठणठणीत आहेत.”

“आणखी?”

“डोळे मिटून भिंतींवरून हात फिरवतात. आणि काल मला विचारलं, तू कोण म्हणून. थट्टाच केली असेल, नाही का?”

“असेल,” मोठ्या बाई म्हणाल्या.

त्यांनी फोन ठेवला. आताच जाऊन त्या दालनात ‘पुरे झाले’ म्हणावे, असे त्यांच्या मनात एकदा आले. मग त्यांना वहीची रिकामी फळी आठवली. त्या गेल्या नाहीत.

शुक्रवारी, बाराच्या सुमारास, दालनात तीसएक माणसे होती. नमुन्यावर प्लास्टिकची पातळ चंदेरी फिल्म चढवली होती, त्यामुळे तो रस्त्यावरून नुकताच येऊन थांबल्यासारखा दिसत होता. गिऱ्हाईक उजव्या बाजूसमोर उभे होते आणि त्याला तिथून हलवत नव्हते.

धाकटा आला. पावले जड टाकत तो नमुन्यापाशी गेला, डोळे मिटून त्याने दारामागच्या वळणावरून तळवा फिरवला. मग तो लोकांकडे वळला.

मोठ्या बाई पहिल्या रांगेत होत्या. एकतीस वर्षे त्यांनी या एका वाक्याची वाट पाहिली होती.

“ही गाडी मी केली,” तो म्हणाला. “सगळी. मीच.”

टाळ्या पडल्या. बाईंच्या डोक्यात तिडीक उठली; त्या उठून चारचौघांत त्याची खरडपट्टी काढणार होत्या. पण तेवढ्यात त्यांच्या लक्षात आले की तो गरजेपेक्षा मोठ्याने बोलला होता.

गिऱ्हाइकाने काहीतरी विचारले. त्याने मान तिरकी केली.

बाई पुन्हा खाली बसल्या.

तो गर्दीतून सरळ त्यांच्याकडे आला. चेहरा धाकट्याचाच होता. त्यांच्या पांढऱ्या केसांकडे, हातांवरच्या शिरांकडे तो अविश्वासाने पाहत राहिला.

“अगं,” तो म्हणाला, “केवढी थकलीस तू.”

त्यांना ‘अगं’ म्हणणारे एकतीस वर्षांत कुणी नव्हते.

“अहो,” बाईंच्या तोंडून निघाले.

मग त्यांनी तो आवाज ऐकला. नमुन्याच्या आतून, जिथे फोम आणि मातीखेरीज काही नव्हते, तिथून कुणीतरी बोटाच्या पेराने ठोकत होते. थांबून थांबून. त्यामागोमाग अगदी बारीक, नऊ वर्षांच्या मुलाच्या आवाजात, “वहिनी.”

लोक बोलत होते, फोटो काढत होते. कुणाला काही ऐकू येत नव्हते. ज्याला यायला हवे होते, तो शेजारी उभा होता आणि कानाने अधू होता.

“वहिनी. अहो वहिनी.”

मोठ्या बाई नमुन्याजवळ गेल्या. जिथून आवाज येत होता, तिथे फिल्मवर एक लहानसा बुडबुडा आला होता, आणि तो श्वासासारखा किंचित वरखाली होत होता. त्यांनी त्यावर अंगठा ठेवला, बुडबुडा हळूहळू कडेपर्यंत सरकवत नेला, आणि फिल्म नीट बसवली.