पाचवी शिट्टी

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना मध्यरात्र लागते. ही भर दुपारची आहे.

तीन वाजून दहा मिनिटांची.

आणि खरी आहे. ज्या बाईच्या परसात हे घडलं तिच्या शेजारी मी सव्वीस वर्षं राहतेय. त्या वेळी तिथं दोघंच होते, आणि दोघांनीही मला वेगवेगळं बसवून सगळं सांगितलंय. दोघांच्या सांगण्यात तसूभर फरक नाही. यावर कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा. मीही आधी हसले होते.

गाव वेल्डन, मॉन्टानातलं. महिना फेब्रुवारी, साल २०२०.

बाईचं नाव आर्डिस हॉव्हलंड. वय चौऱ्याहत्तर, जीभ सुरीसारखी. तिनं आदल्या उन्हाळ्यात एका शेतकऱ्याकडून रेल्वेचा जुना कॅबूस आणला. कॅबूस म्हणजे मालगाडीच्या शेपटाचा गार्डाचा डबा. आता त्या डब्यांची गरज उरलेली नाही, म्हणून कुणी त्यात कोंबड्या ठेवतं, कुणी चारा. आर्डिसला त्यात शेगडी पेटवून, पाय पसरून, विणकाम करत बसायचं होतं.

"नवऱ्यानं निम्मी जवानी असल्या डब्यात काढली आणि मला कधी आत पाय ठेवू दिला नाही," ती म्हणायची. "आता मी आत बसणार, आणि तो बसू दे बाहेर."

नवऱ्याचं नाव हॅल्वर. तो जाऊन एकेचाळीस वर्षं झाली होती. आणि आर्डिसचा त्याच्यावरचा राग एकेचाळीस वर्षं तसाच होता.

हॅल्वर मालगाडीवर ब्रेकमन होता. गाडी वाटेत थांबली की त्यानं कंदील आणि लाल मशाली घेऊन मागं दीड मैल चालत जायचं आणि तिथं उभं राहायचं. मागून दुसरी गाडी आलीच तर ती थांबवायची. इंजिनाच्या शिट्टीनं बोलावल्याशिवाय जागा सोडायची नाही, मग आभाळ कोसळलं तरी. १९७९ च्या फेब्रुवारीत हिमवादळात गाडी अडकली. हॅल्वर मागं गेला. गाडी सुटली, तो मागंच राहिला. दुसऱ्या दिवशी सापडला, तारेच्या खांबाला टेकून बसलेला. मांडीवर कंदील होता.

आणि खिशात दारूची अर्धी बाटली.

चौकशीत गार्ड आणि ड्रायव्हर दोघांनी सांगितलं, शिट्ट्या बरोबर वाजल्या होत्या, हाच आला नाही. झालं. गावानं ठरवलं, पिऊन झोपला असणार. त्याआधी वर्षभर त्यानं थेंब घेतला नव्हता. आर्डिसच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. तिनं थडग्यावर नाव आणि दोन सालं कोरून घेतली, पण फूल एकदाही ठेवलं नाही.

त्या गाडीचा गार्ड होता एमेट प्रुइट.

हाच एमेट गेली चाळीस वर्षं तिच्या दारातला बर्फ काढायचा. छप्पर गळलं की शिडी घेऊन हजर. गावात चर्चा होणारच. एकदा तिनं तोंडावर विचारलं, "एमेट, लोक म्हणतात तुझा माझ्यावर डोळा आहे."

"माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आर्डिस," तो म्हणाला आणि फावडं मारत राहिला.

कॅबूस आला तसा एमेट रोज येऊ लागला. अठ्ठ्याहत्तरचा म्हातारा, पण गंज काढायला बसला की उठायचा नाही. रंग फवारायला त्यानं घरचा कॉम्प्रेसर आणला. मागच्या ओट्यावर एक लहान पितळी शिट्टी होती, हवेवर वाजणारी. ती त्यानं उकळून, घासून लखलखीत केली आणि कॉम्प्रेसरची नळी तिला जोडूनही दिली. आर्डिस लहान पोरीसारखी ती वाजवायची आणि माझं कुत्रं भुंकायचं.

सप्टेंबरात बाहेरचा रंग खरवडताना तीन थरांखाली आकडा दिसला.

चारशे बारा.

एमेटच्या हातातली पट्टी खाली पडली. आर्डिसनं विचारलं तर म्हणाला, ऊन लागलं. दुसऱ्या दिवशी ती उठायच्या आत त्यानं त्या आकड्यावर लाल रंग मारून टाकला होता. आणि त्या दिवसापासून दुपारचे दोन वाजले की तो घरी निघून जायचा. कॉफी असो की ॲपल पाय... थांबायचा नाही.

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला. आर्डिसनं शेगडी पेटवली आणि विणकाम घेऊन आत बसली.

तीन वाजून दहा मिनिटं झाली.

बाहेर कुणीतरी चालत होतं...

खडीवरून. कर्र, कर्र, कर्र.

तिच्या परसात खडी नाही. कॅबूसखाली दोन रुळांचे तुकडे आहेत, बाकी गवत आणि त्यावर वीतभर बर्फ. पावलं पूर्वेकडून आली, कुंपणापलीकडच्या रिकाम्या शेतातून. थोडी जवळ आली... आणि थांबली.

तिनं खिडकीतून पाहिलं. शेत पांढरं. बर्फावर एक रेघ नाही.

मग आवाज आला. हळू, तोंडातल्या तोंडात.

"एन... तू... त्रे... फीरे..."

मग काही नाही.

आर्डिसच्या हातातली सुई निसटली. हे नॉर्वेतले आकडे. एक, दोन, तीन, चार. हॅल्वरला आजीनं शिकवलेले. अंडी मोजायची असोत की जिन्याच्या पायऱ्या, तो असाच मोजायचा, आणि तिला त्याचा वैताग यायचा.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पावलं, थांबणं, चारपर्यंत मोजणं. पाच कधीच नाही.

तुम्ही म्हणाल, बाई पळून कशी गेली नाही? मीही विचारलं. म्हणाली, "एकेचाळीस वर्षांनी आवाज ऐकला गं त्याचा. पळू कुठं?"

पण राग तिनं सोडला नव्हता. ती खिडकीशी बसून त्याला बोलायची. शपथ मोडलीस, मला एकटं टाकलंस, पोर नाही बाळ नाही, कुणासाठी जगू सांग. पलीकडून उत्तर यायचं ते चार आकड्यांचं. असा अख्खा हिवाळा चालला.

फेब्रुवारीत एका दुपारी एमेट आतल्या फळ्यांना रंग देत होता. बाहेर वारा सुटला, बर्फ आडवा यायला लागला. दोन वाजले तसा तो निघाला. आर्डिसनं दाराला पाठ लावली.

"आज नाही जायचं," ती म्हणाली. "रोज तीन दहाला हॅल्वर येतो. पूर्वेकडून. चारपर्यंत मोजतो आणि थांबतो. माझं डोकं फिरलंय का, तेवढं तू ऐकून सांग."

एमेट परत बाकावर बसला.

"चारच?" त्यानं विचारलं.

"चारच."

म्हाताऱ्यानं तोंड दोन्ही हातांत झाकलं. मी एमेटला कित्येक वर्षं ओळखते, बायकोच्या दफनालाही तो रडला नव्हता. त्या दुपारी तो हुंदके देऊन रडला, आणि रडतरडतच सगळं बोलून गेला.

गाडी पश्चिमेला चालली होती, म्हणजे हॅल्वर पूर्वेला. पूर्वेला गेलेल्या माणसाला परत बोलावायचं तर इंजिनानं पाच लांब शिट्ट्या द्यायच्या. पश्चिमेला गेलेल्याला चार. रेल्वेतल्या प्रत्येकाला हे झोपेतसुद्धा पाठ.

"ड्रायव्हर चुकला," एमेट म्हणाला. "तीन दहाला चारच वाजवल्या त्यानं. मी इथं बसून मोजल्या, आर्डिस. याच डब्यात. चारशे बारा."

आर्डिसनं डब्याच्या भिंतीवर हात ठेवला.

"हॅल्वरनं पण मोजल्या असणार. चार म्हणजे ती हाक त्याला नव्हतीच. तो कशाला येतोय? नियमाचा पक्का माणूस. आणि मागून कुठली गाडी येणारच नव्हती गं, वाट कधीच बंद केली होती. पण ते त्याला कोण सांगणार? सहाच्या सहा मशाली जाळल्या त्यानं. ओळीनं रोवलेल्या होत्या."

"मग तू गाडी का सोडलीस?"

"वॉकीटॉकी थंडीनं मेलेला होता. मी उठलो, म्हटलं चालत इंजिनापर्यंत जावं आणि पुन्हा वाजवायला सांगावं. तेवढ्यात मागच्या पायऱ्यांवर बूट आपटले. दोनदा, बर्फ झटकताना आपटतो तसे. मग खोकला. मग कंदील हुकाला अडकवल्याची कडी वाजली. मी म्हटलं, आला; वादळात फार लांब गेलाच नसेल. मान वळवून बघितलंसुद्धा नाही. ब्रेकची कळ सोडली, की पुढं ड्रायव्हरला कळतं, निघायचं. बऱ्याच वेळानं कॉफीला हाक मारली... तर ओट्यावर कुणी नव्हतं."

"आणि बाटली?"

"माझी. तो मागं निघाला तेव्हा, थंडी म्हणून मीच त्याच्या खिशात घातली. अर्धी मी प्यायलो होतो. त्याला नको होती."

ड्रायव्हरला तीन पोरं होती, पेन्शनला एक वर्ष उरलं होतं. दोघांनी मिळून पाच शिट्ट्या सांगितल्या.

आर्डिस ओरडेल, थोबाडीत मारेल असं त्याला वाटलं. तिनं तसं काही केलं नाही. तिनं शेगडीत एक लाकूड सारलं. मग म्हणाली, "माझा नवरा प्यायला नव्हता."

"नाही."

"एकेचाळीस वर्षं मी त्याला शिव्या दिल्या, एमेट. त्याच्या थडग्यावर एक फूल ठेवलं नाही. तू बर्फ काढत होतास आणि बघत होतास."



तीन वाजून दहा मिनिटं झाली.

कर्र... कर्र... कर्र...

एमेटनंही ऐकलं. पावलं आली. थांबली.

"एन... तू... त्रे... फीरे..."

वाऱ्यातसुद्धा स्पष्ट. मग ते थांबणं. कुणीतरी श्वास रोखून कान देऊन उभं असल्यासारखं.

आर्डिस उठली. तिनं विचारलं, कॉम्प्रेसरमध्ये हवा आहे का? एमेटनं मान डोलावली. ती मागच्या ओट्यावर गेली, डोक्याला रुमाल नाही, पायात सपाता. शिट्टीची कळ धरली आणि दाबली.

एक लांब.

दोन.

तीन.

चार.

 हवा संपत आली होती, शिट्टीचा सूर खाली गेला होता. तिनं दुसराही हात कळीवर ठेवला आणि सगळं अंग टाकलं.

पाच.

ती आत आली, दार लोटलं आणि दाराकडं तोंड करून उभी राहिली. बाहेर वारासुद्धा पडला होता.

मग आवाज आला, आणि तिनं सांगितलं की लग्नात होता तसाच, हसरा.

"फेम."

पाच.

आणि पावलं धावत सुटली. खडीवरून, भराभर, जवळ, अजून जवळ. पायऱ्यांपाशी आली.

धप्. धप्. दोनदा बूट आपटले.

खोकला आला.

हुकाला कडी वाजली.

"ये रे राजा," आर्डिस म्हणाली. "ये आत. चुकलं माझं. कॉफी गरम आहे."

मागं एमेटचा आवाज आला. चिरका, ओळखू न येणारा.

"हाच... आर्डिस, हाच आवाज. त्या दिवशी मी हाच ऐकला."

आणि डब्याला हिसका बसला.

चाकांना लाकडाच्या पाचरी ठोकलेल्या, पुढं इंजिन नाही, रूळ उणेपुरे चाळीस फूट. तरी हिसका बसला. गाडी निघताना शेवटच्या डब्याला बसतो तसाच. फळीवरचे कप किणकिणले, कॉफी शेगडीवर सांडली.

आर्डिसनं दार उघडलं.

ओट्यावर कुणी नव्हतं. वरच्या पायरीवर बर्फात दोन बुटांचे ठसे होते, दाराकडं तोंड केलेले. खाली पायऱ्यांवर नाही, परसात नाही, शेतात नाही. तेवढे दोनच. रिकामा हुक हलत होता.

त्यानंतर तीन दहाला कुणी आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आर्डिस फुलं घेऊन थडग्यावर गेली. मी गाडीतून सोडलं. ती बर्फात गुडघे टेकून तासभर बसली आणि मी गाडीत बसून तोंड फिरवून घेतलं. गावातल्या पेपरात एमेटनं स्वतःच्या नावानं सगळं खरं छापून आणलं. बर्फ काढायला तो अजून येतो. ती त्याला आत बोलावत नाही, जा असंही म्हणत नाही. फक्त कॅबूसच्या मागच्या पायऱ्यांना फावडं लावायचं नाही, हे तिनं बजावून ठेवलंय. मागच्या दाराला कडी ती लावत नाही.

गेल्या महिन्यात मी तिच्यासोबत तिथं बसले होते. शेगडी छान पेटली होती. ती विणता विणता थांबली आणि म्हणाली, "एक विचारू? खरं सांगशील?"

मी म्हटलं, विचार.

"त्या दिवशी हॅल्वर दीड मैल लांब उभा होता. मग पायऱ्यांवर बूट कुणाचे वाजले? एमेट म्हणतो, माझ्या पाचव्या शिट्टीनंतर वाजले तेच. म्हणजे माझी हाक त्याच्यापर्यंत पोचली, पण पोचली ती एकेचाळीस वर्षं मागं, वादळाच्या त्या दिवशी." तिनं लोकर बोटाला घट्ट गुंडाळली. "मी ती पाचवी शिट्टी वाजवली नसती... तर एमेट चालत इंजिनापर्यंत गेला असता ना गं?"

मी म्हटलं, छे, काहीतरीच काय. असं कुठं असतं का? तो घरी आला, एवढंच धरून चाल.

तिनं मान डोलावली. पुन्हा विणायला लागली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

तीन वाजून आठ मिनिटं.

घरी दूध उतू जाईल असं काहीतरी सांगून मी उठले आणि पुढच्या दारानं निघाले.