रिकाम्या डब्याची थाप

झाकण

झाकण उघडायच्या आधीच शाल्मलीला वास आला आणि तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

कारलं.

सोमवारी कारल्याची भाजी होती, मंगळवारी भरली कारली, काल कारल्याचं थालीपीठ. आज गुरुवार, आणि आज चिमट्याने कमालच केली होती. चारही कप्प्यांत कारलं! एकात काप, एकात कीस, एकात कोशिंबीर आणि चौथ्यात, जिथे चांगल्या घरांतून काहीतरी गोड असतं, तिथे कारल्याची गूळ घातलेली चटणी.

सलग नववा दिवस.

आता कोडं असं, की चिमटा हा काही दुष्ट यंत्रमानव नव्हता. कुकरसारखं गोल पोट, चिमट्यासारखे दोन हात (नाव त्यावरूनच पडलं) आणि बोलणं इतकं अदबीचं, की मिक्सर लावण्याआधी तो घरातल्यांची माफी मागायचा. शाल्मलीवर त्याचा भारी जीव होता. मग तो तिला नऊ दिवस कारलं का घालत होता? बिघडला होता?

मुळीच नाही. तो अगदी बरोबर चालला होता. तिथेच तर सगळा घोळ होता.

कप्पा पहिला : चिमट्याची वही

पहिला सोमवार. भेंडी, पोळी. दीड पोळी परत.
पहिला बुधवार. पालकाची डाळ, भात. अर्धा भात परत.
पहिला शुक्रवार. दुधी. जाताना होता तसाच परत. मला तर थोडा जास्तच वाटला.
दुसरा सोमवार. कारलं. डबा रिकामा! तळ चकचकीत!
दुसरा मंगळवार. खात्रीसाठी पुन्हा कारलं. रिकामा!
दुसरा बुधवार. दुप्पट कारलं. रिकामा!! शाल्मलीताईंच्या आईंचा डबाही रिकामा. काय भाग्य! कारल्याच्या भक्तांचं घर मिळालं.

चिमट्याला जीभ नव्हती. होते ते संवेदक (वजन, वास, उष्णता ओळखणारे यंत्राचे भाग). डबा परत आला की तो तळहातावर तोलायचा. जड म्हणजे नावडलं, हलका म्हणजे आवडलं. मग त्याप्रमाणे उद्याचा बेत बदलायचा. परत आलेल्या अशा बातमीला प्रतिसाद (आपण केलेल्या कामाचं पुढे काय झालं, हे आपल्याला कळणं) म्हणतात. तुम्हीही असंच करता. अंघोळीच्या पाण्यात बोट घालता, कढत लागलं की गार ओतता, पुन्हा बोट घालता. बोट जे सांगेल ते खरं.

पण समजा, बोट दुसऱ्याच कोणाच्या बादलीत असेल तर?

कप्पा दुसरा : वहीत नसलेला माणूस

त्या माणसाचं नाव निनाद. शाल्मलीच्या बाकावरचा. स्वतःचा डबा तो पहिल्या तासालाच पुस्तकाआड संपवायचा आणि मधल्या सुट्टीत जगाकडे आशेने बघायचा. आणि कारलं म्हणजे त्याचा जीव की प्राण.

शाल्मली त्याला डबा देत होती, कारण घरी आईची अट होती. आई सांगलीत कृष्णेवरून जाणारी हवाई बस चालवायची. पहिली फेरी सहाला, म्हणजे डबे करायला साडेचारला उठणं आलं. म्हणून वॉर्डाच्या यंत्रघरातून चिमट्याला तीन आठवड्यांच्या चाचणीवर आणलं होतं. पहिल्या शुक्रवारी तो दुधी बघून आई म्हणाली, "शालू, मला डबे करणारा हवाय, अन्न वाया घालवणारा नकोय. आणखी असे भरलेले डबे परत आले, तर हाही परत."

तेव्हापासून डबा रोज रिकामा यायला लागला.

चाचणीचा शेवटचा दिवस उद्याचा. आणि आज निनादची जागा मोकळी! मावसभावाच्या लग्नाला तो बेळगावला गेला होता.

शाल्मली डबा घेऊन वर्गभर फिरली.

"घे ना गं, काप कुरकुरीत आहेत."

"कशाचे?"

"आधी खा, मग सांगते."

"शालू, वास येतोय. जा तू."

शेवटी ती डबा ओतायला शाळेमागच्या खतयंत्रापाशी गेली. यंत्राने झाकण अर्धवट उघडलं, हुंगलं आणि म्हणालं, "अन्न ताजं आहे. कोणीतरी खावं, ही विनंती." आणि झाकण लावून घेतलं.

पोटात कावळे ओरडत असताना भरलेला डबा घरी नेणं फार जड जातं. दारात चिमटा तळहात पसरून उभाच होता.

कप्पा तिसरा

 

कप्पा चौथा : साडेचार सेकंद

वरचा कप्पा रिकामा दिसला ना? का बरं? कोणी खाल्ला? सांडला? की भरायचाच राहिला? नुसत्या रिकामेपणावरून सांगता येत नाही. चिमट्याला तर ही शंकाच आली नव्हती.

"चिमट्या, मी कारलं खात नाही," शाल्मली म्हणाली.

"आज खाल्लं नाहीत."

"आज नाही, कधीच नाही. ते सगळं निनादने खाल्लं."

चिमटा साडेचार सेकंद गप्प झाला. यंत्रांच्या मानाने ही जवळजवळ उन्हाळ्याची सुट्टी.

"म्हणजे आठ दिवस मी निनाददादांचा आचारी होतो?"

"हो."

"आणि आपण काय खाल्लंत?"

"चिक्की. एकदा खोडरबर चावलं."

"मला सांगितलं का नाहीत?"

"आई तुला परत पाठवेल म्हणून!" शाल्मली ओरडलीच. "उद्या शेवटचा दिवस आहे, कळतंय का तुला?"

गॅस बंद होता, तरी चिमट्याच्या पोटातून वाफ निघाली. "ताई, आपण मला वाचवायला डबा रिकामा केलात. आणि त्या रिकाम्या डब्याने मी रोज आणखी बिघडत गेलो." त्याने आपली वही उघडली. "चूक माझीही आहे. मला हवं होतं आपलं पोट भरलं का, ते. पण पोट काही मला तोलता येत नाही. म्हणून मी डबा तोलला. डबा हा नुसता निदर्शक (जे थेट मोजता येत नाही, त्याच्याऐवजी मोजलेली खूण). मी खुणेलाच पोट समजलो."

"आणि मी नुसती खूण सांभाळत बसले," शाल्मली म्हणाली. "पोट राहिलं बाजूला."

"वाईट वाटून घेऊ नका. त्या दुधीबद्दल मात्र सांगा. एवढा नावडतो?"

"नावडत नाही रे. त्याचं पाणी सुटतं आणि पोळीचा लगदा होतो."

"आणि भात?"

"गार होऊन गोळा झाला होता."

"दीड पोळी?"

"सुट्टीच वीस मिनिटांची असते. चावणार किती?"

चिमट्याने वहीची पहिली तीन पानं टराटरा फाडली. "मी लिहिलं होतं, दुधी नको, भात नको, पोळी नको. नको काहीच नव्हतं! मी 'किती उरलं' विचारलं, 'का उरलं' विचारलंच नाही."

त्याने डब्याच्या झाकणाला आतून एक छोटी पाटी चिकटवली. पाटीवर दोन प्रश्न : काय उरलं? का उरलं?

मग शाल्मलीने तिथेच उभ्याने तीन केळी खाल्ली.

डबा धुताना

शुक्रवारी संध्याकाळी आईने शाल्मलीचा डबा उचलला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "शालू, जड लागतोय."

"पाव थालीपीठ उरलंय. का ते लिहिलंय." शाल्मलीने झाकण पुढे केलं. पाटीवर होतं : पोट भरलं. तिखट जरा जास्त.

"थालीपीठ कशाचं?"

"दुधीचं. किसून पिठातच मळलाय, म्हणजे पाणी सुटत नाही. बरोबर दही, गाजर आणि पेरू होता. ते सगळं खाल्लं. मी. स्वतः." आणि मग एका दमात तिने निनाद, चिक्की, खोडरबर, खतयंत्र, सगळं सांगून टाकलं. शेवटी हळूच म्हणाली, "आता हा परत जाणार?"

आईने आपल्या पिशवीतून स्वतःचा डबा काढून ओट्यावर ठेवला. रिकामा. चकचकीत.

"हा दिसतोय ना? आजचा मी खाल्ला. पण त्याआधीचे दोन आठवडे डेपोतले कदममामा खात होते."

"आई!"

"काय करू? तुझा डबा रोज रिकामा यायचा. मला वाटलं, पोरीला एवढं आवडतंय तर आपण कशाला मोडता घाला!" आणि आईला असं हसू फुटलं, की तिला ओट्याचा आधार घ्यावा लागला.

चिमटा पुन्हा साडेचार सेकंद गप्प. "म्हणजे या घरात कारलं कोणीच खात नाही."

"कोणीच नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

"मी सहा किलो मागवलंय."

"राहू दे," आई डोळे पुसत म्हणाली. "आणि तूही राहा. फक्त अट बदलते. भरलेला डबा चालेल, मुका डबा चालणार नाही."

रविवारी तिघांनी मिळून आठवड्याचं अर्धं काम उरकलं. मोड आलेली मटकी एकच, पण सोमवारी तिची उसळ, मंगळवारी भेळ आणि बुधवारी वाटून धिरडी. भाज्या चिरून ठेवल्या, कूट केलं, पिठं मिसळली. रोजच्या डब्यात एक धान्य, एक कडधान्य, एक भाजी आणि एक फळ किंवा कच्चं काकडी-गाजर, एवढंच बघायचं. सकाळी उरलं वीस मिनिटांचं काम. सोमवारी आई सव्वापाचपर्यंत झोपली.

त्या दिवशी शाल्मलीबरोबर कारल्याने भरलेला एक जादा छोटा डबा गेला. 'निनाददादांसाठी.' संध्याकाळी तो चाटूनपुसून परत आला. त्याच्या झाकणातल्या पाटीवर निनादने लिहिलं होतं : काहीच उरलं नाही. कारण मी आहे.

चिमट्याने डबा तळहातावर तोलला. पाटी दोनदा वाचली. आनंदाने वाफ सोडली. मग, काही क्षण विचार करून, त्याने पाटीवर दोन प्रश्नांच्या खाली बारीक अक्षरात तिसरा लिहिला :

खाल्लं कोणी?